रॉचेस्टरचा वाटोळा बुरूज

आपल्याकडे बालेकिल्ला म्हटला म्हणजे गडाचा उंच माथा डोळ्यांपुढें येतो. मध्ययुगीन इंग्लंडांतील बालेकिल्ला मात्र बहुधा एकच प्रचंड दगडी मनोरा असे. मेडवे नदीकांठीं रॉचेस्टर येथें इ. स. ११२७ च्या सुमारास असा एक मनोरा बांधावयास घेतला. त्याची उंची ११३ फूट. त्याच्या कोपऱ्यांवरील तीन बुरूज चौकोनी, पण चौथा वाटोळा आहे. हा फरक कां, हें ऐकण्यासारखें आहे.

इ. स. १२१५ च्या जूनमध्यें जॉन राजानें सरदारांना 'मॅग्ना कार्टा' ही सनद दिली. पण सलोखा टिकला नाहीं. शरद ऋतूंत बंडखोर सरदारांनीं रॉचेस्टर बळकावतांच राजानें वेढा घातला. त्यानें मनोऱ्याच्या एका कोपऱ्याखालीं भुयार खणविलें, त्यास लांकडी टेकू दिले, आणि ते पेटविण्याकरितां खाण्यास नालायक अशीं चाळीस लठ्ठ डुकरें मागविलीं! टेकू जळाले व कोपरा ढांसळला.

तरीहि आंतील लोक मधल्या आडभिंतीमागें सरून झुंजत राहिले. शिधा संपला, तेव्हां त्यांनीं घोडे खाल्ले; शेवटीं उपासमारीनें ३० नोव्हेंबर रोजीं ते शरण आले. पुढें तिसऱ्या हेन्रीच्या कारकीर्दींत पडलेला बुरूज वाटोळा बांधण्यांत आला.

भिंत पडली तरी माणसें हटलीं नाहींत. कोठार रितें झालें, तेव्हां मात्र त्यांचा निरुपाय झाला. गडाचें खरें बळ कशांत असतें, हें त्या वाटोळ्या बुरुजाकडे पाहून उमगतें.