लंगडी कोंबडी आणि सुरीची घाई

परसातील एखादी कोंबडी सकाळी खुराड्यातून बाहेर पडताना एक पाय उचलून धरू लागली, की घरात दोनच मते निघतात. ‘होईल आपोआप बरी’ हे एक, आणि ‘आज रश्शाची सोय झाली’ हे दुसरे. पहिल्यात आळस आहे, दुसऱ्यात घाई आहे. तो पाय हाती घेऊन नीट पाहण्याचे श्रम मात्र दोहोंतही नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत भारतात परसात पाळलेल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांच्या घरात भरली. ज्या घरी आठवड्याची चार अंडी हीच गृहिणीच्या हातची रोकड असते, तेथे अंड्यावर आलेली तलंग विनाकारण कापली जाणे हे काही लहान नुकसान नव्हे.

पक्ष्याला वेदना फारशी होत नाही, असा एक समज या घाईच्या मुळाशी आहे. कोंबडी ओरडत नाही, हे खरे. पण शत्रूच्या नजरेत येऊ नये म्हणून दुखणे लपविणे हा तिचा स्वभावच आहे. ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. मांसासाठी वाढविलेल्या कोंबड्यांपुढे त्यांनी दोन रंगांचे खाद्य ठेवले. त्यांपैकी एकात कार्प्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेले होते. लंगड्या कोंबड्यांनी औषधी खाद्य धडधाकट कोंबड्यांपेक्षा अधिक खाल्ले, आणि लंगडेपणा जितका तीव्र, तितके ते अधिक खाल्ले गेले. वेदना होत नसती, तर ही निवड कशासाठी?

लंगडणे हा रोग नव्हे, ते लक्षण होय. खुराड्याच्या दारात सापडलेला पाय, गुराच्या खुराखाली आलेले बोट, मुंगसाचा चावा, पायात गुंतून रुतत गेलेला दोरा ही त्याची नेहमीची कारणे. बाजारातून कोंबडी पाय बांधून, उलटी लटकावून आणण्याची चाल तर पाय दुखावण्यास आमंत्रणच आहे. जनावराला निष्कारण वेदना होतील अशा रीतीने नेणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये अपराध आहे; त्याची आठवण बाजाराच्या दिवशी कोणास होत नाही, ही गोष्ट निराळी. तळव्यावर काळी खपली व सूज दिसली, तर ती बहुधा जंतुसंसर्गाची गाठ असते. कोवळ्या कोंबडीस कोठेही जखम नाही, आणि तरीही तिचा एक पाय पुढे व एक मागे ताणला गेला आहे, असे दिसले तर मात्र मारेकच्या रोगाची शंका घ्यावी. हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी १९०७ साली वर्णिलेल्या या विषाणुजन्य रोगावर उपाय नाही. प्रतिबंधक लस अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलासच टोचावी लागते.

तपासणी दिवे लागणीनंतर करावी. अंधारात कोंबडी शांत असते. तिला छातीशी आवळून धरू नये. पक्ष्यास आपल्यासारखा श्वासपटल नसतो; छातीचे हाड हलले तरच त्याचा श्वास चालतो, आणि घट्ट धरलेली कोंबडी हातातच गुदमरते. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून ऊब, सूज व वाक यांची तुलना करावी. मागे वाकणारा जो सांधा लोक गुडघा समजतात, तो वास्तविक घोटा होय. खरा गुडघा वर पिसांखाली दडलेला असतो.

हाड मोडलेले नसेल, तर मुख्य औषध विश्रांती हेच. खोक्यात किंवा डालग्याखाली कोरड्या पेंढ्यावर कोंबडीस ठेवावे आणि दाणापाणी चोचीच्या टप्प्यात असावे. रात्री तिला दांडीवर चढू देऊ नये, कारण तेथून मारलेली प्रत्येक उडी दुखऱ्या पायावरच येते. तथापि तिला दूरच्या खोलीत कोंडणेही बरे नव्हे. कळपातील कोंबड्यांत टोचाटोचीची एक ठरलेली उतरंड असते. नॉर्वेच्या श्येल्डेरूप-एब्बे यांनी १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ती उकलून दाखविली होती. बरेच दिवस नजरेआड झालेली कोंबडी परतली की तिला परकी समजून टोचतात. म्हणून जाळीआड, पण इतरांच्या दृष्टीसमोर, अशी तिची जागा असावी. जखम असल्यास उकळून निवविलेल्या मिठाच्या पाण्याने धुवावी आणि पावसाळ्यात माशी बसू देऊ नये, नाहीतर दोन दिवसांत अळ्या पडतात. अंडी देणाऱ्या कोंबडीस शिंपल्यांचा चुरा अवश्य द्यावा. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. आहारात ते कमी पडले की ती स्वतःच्या हाडांतून काढते, आणि त्याच हाडांनी सांधावे अशी आपली अपेक्षा असते.

हाड मोडल्यास पशुवैद्याकडेच जावे. पक्ष्याचे हाड नीट बसविले तर सुमारे तीन आठवड्यांत सांधते. कामट्या आवळून बांधल्या तर मात्र खालचा पंजा थंड पडून सडतो. कोंबडीच्या किमतीहून औषधाचा खर्च अधिक, असा हिशेब दवाखान्याच्या पायरीवर नेहमी मांडला जातो. त्या हिशेबात पुढील दोन वर्षांची अंडी धरलेली नसतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे माणसाची वेदनाशामक गोळी चुरून कोंबडीस चारणे. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन भारतातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, आणि त्यामुळेच २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. कोंबडीच्या मूत्रपिंडांसही ते विषारीच ठरते.

एवढे करूनही काही कोंबड्या उठत नाहीत. दोन्ही पाय गेलेली, दाणा सोडलेली, दिवसेंदिवस झिजत चाललेली कोंबडी दयेपोटी जगवीत ठेवणे ही दया नव्हे. तेथे सुरी लवकर चालावी, आणि जाणत्या हाताने चालावी. मात्र औषधे दिलेली अथवा रोगाने खंगलेली अशी कोंबडी रश्शात जाऊ नये. ती चुना टाकून खोल पुरावी.