यंत्रे जुळली, कोटा अडला

शिधापत्रिका एका राज्याची आणि धान्य दुसऱ्या राज्यातील दुकानात, ही कल्पना कागदावर सोपी होती. अडचण होती ती राज्यांच्या संगणकांची. प्रत्येकाची नोंद वेगळ्या धाटणीची, एकाची भाषा दुसऱ्यास अगम्य. केंद्राने दहा अंकी क्रमांकाचा समान नमुना आखला. पहिले दोन अंक राज्याचे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांनी प्रारंभ केला. दिल्ली मात्र जुलै २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने महिनाअखेरची मुदत घातल्यावरच आली. जून २०२२ मध्ये आसाम सामील होताच सर्व ३६ राज्ये व केंद्रशासित प्रदेश एका सूत्रात आले.

या व्यवस्थेचा खरा गुण तिच्या मर्यादेत आहे. धान्य देताना दोनच गोष्टी कळाव्या लागतात: अंगठा लावणारा तोच आहे काय आणि या महिन्याचा त्याचा किती वाटा शिल्लक आहे. त्यामुळेच कुटुंब गावी काही धान्य उचलते आणि परप्रांतात गेलेला कर्ता उरलेले घेऊ शकतो. राज्याने स्वतःच्या खर्चाने दिलेली डाळ वा तेल मात्र त्याच्यामागे जात नाही.

पुढचे पाऊल अधिक बोलके ठरले. असंघटित कामगारांच्या ई-श्रम नोंदणीची यादी शिधापत्रिकांच्या माहितीशी ताडून पाहण्यात आली. २०२३ मध्ये न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांनुसार २८.६० कोटी नोंदणीकृतांपैकी २०.६३ कोटींचीच नावे शिधापत्रिकांत सापडली. उरले सुमारे आठ कोटी. वंचित कोण, हे शोधण्याचे काम संगणकाने चोख केले होते.

त्यांना शिधापत्रिका देण्याचा निर्णय मात्र संगणकाच्या हाती नव्हता. अन्नसुरक्षा कायद्याची ८१.३५ कोटींची मर्यादा २०११ च्या जनगणनेवर बेतलेली. कोटा संपला, हे राज्यांचे पालुपद. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने कोट्याकडे न पाहता दोन महिन्यांत पत्रिका देण्यास बजावले. तरीही वाढीव धान्याचा भार केंद्राने उचलावा की राज्याने, हा वाद संपला नाही. मंत्रालयांना एकमेकांच्या याद्या हव्या असतात, एकमेकांची बिले नको असतात!

याद्या जोडण्याचा उत्साह मात्र वाढता आहे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सरकारी लाभांसाठी शासनाकडे आधीच असलेली माहिती, काही अटींवर, नव्या संमतीविना वापरू देतो. वगळलेल्यास शोधणारी जोडणी उद्या नाव कापण्यासही तितकीच उपयोगी पडेल. नाव कापले गेल्यास दाद कोठे मागायची, याचे उत्तर कामाच्या गावी मिळावे की मूळ गावी, हे परप्रांतीयाला आजही सहज उमगत नाही. पत्रिका मूळ राज्याची असल्याने नाव ठेवण्याचा अधिकारही त्याच राज्याकडे राहतो.

नव्या जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे आकडे हाती येऊन कोटा बदलेपर्यंत २०११ चीच मोजपट्टी लागू राहील.