मालकाचा पासपोर्ट पुरे, कामगाराचा कागद दाखवा!



जयपूरच्या जवाहर नगरहून राजा पार्क ओलांडून नारायण सिंह सर्कलकडे गेले की नारायण निवास हॉटेल लागते. त्याच्या आवारात एका इटालियन बाईंनी सुरू केलेला 'बार पॅलाडिओ' आहे. जवाहर नगरच्या टेकडीखाली मोठी कच्ची वस्ती आहे. शहरातल्या हॉटेलांत भांडी घासणारे आणि ताटे उचलणारे हात अशाच वस्त्यांतून येतात. परदेशी माणसाने आपल्या देशात येऊन बार चालवावा काय, असा सवाल अलीकडे वारंवार विचारला जातो. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हा सवालच चुकीचा आहे, आणि तो मुद्दाम चुकीचा ठेवला जात आहे.

या वादाचे खरे रण गोव्यात आहे. किनाऱ्यावरचे शॅक सरकार स्थानिकांनाच देते, ते पोटभाड्याने देण्यास बंदी आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला धंदा करता येत नाही. तरीही परवाना एकाच्या नावावर आणि गल्ला दुसऱ्याच्या हातात, हा प्रकार कळंगुट-मोरजीच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कळंगुटचे आमदार मायकल लोबो यांनी गोवेकर आपले शॅक बाहेरच्यांना भाड्याने देतात, अशी तक्रार केली. परदेशी पर्यटक घटण्याच्या कारणांत त्यांनी किनाऱ्यावर विकला जाणारा वडापाव आणि इडली-सांबारही मोजले! म्हणजे दोष कोणाचा, तर बिचाऱ्या वडापावचा. तो तळणाऱ्याला पगार किती आणि सुट्टी कधी, हे मात्र कोणीच विचारले नाही.

ही युक्ती गोव्यापुरती नाही. थायलंडमध्ये १९९९ च्या कायद्याने खानपानाच्या धंद्यात परदेशी माणसाला खास परवान्याशिवाय निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा घेता येत नाही. म्हणून तिथेही ५१ टक्के नावावर घेणारा स्थानिक शोधला जातो. देश कोणताही असो, नाव देणारा आपले भाडे घेतो, पैसा घालणारा नफा घेतो, आणि दोघांच्या मधल्या फटीत कामगार पडतो. पगार थकला तर मागायचा कोणाकडे? परवानेवाला म्हणतो, मालक तो. मालक म्हणतो, परवाना त्याचा.

आता कायद्याची नजर पाहा. परदेशी पाहुणा हॉटेलात एक रात्र झोपला, तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. ते योग्यच आहे. पण त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरामागे सीझनभर झोपणाऱ्या पोऱ्याची नोंद कोणत्या वहीत आहे? दहा कामगार झाले की ईएसआय आणि वीस झाले की पीएफ, असा कायदा आहे. म्हणून हजेरीपटावर नऊच नावे दिसतात आणि मोरीपाशी आणखी दहाजण उभे असतात.

याची किंमत ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री दिसली. उत्तर गोव्यातील हडफडे येथील नाइट क्लबला आग लागून २५ जण मेले. त्यांतले बहुतेक तिथलेच कामगार होते. तळघरातल्या स्वयंपाकघरात धुराने गुदमरून त्यांनी प्राण सोडले. कोणी उत्तराखंडचा, कोणी झारखंडचा, कोणी आसामचा, कोणी नेपाळचा. मालक परदेशी नव्हते, आपल्याच देशाचे होते. आगीनंतर काही तासांतच ते विमानाने थायलंडातील फुकेतला गेले. डिसेंबरच्या मध्यास त्यांना परत आणण्यात आले. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. पण मालकाला देश सोडायला विमान सापडले आणि कामगाराला वर यायला वाट सापडली नाही, हे सांगायला न्यायालयाची गरज नाही. त्या क्लबमध्ये खरा परदेशी होता तो नेपाळचा मजूर. त्याच्याविषयी कोणाचा स्वदेशाभिमान जागा झाला?

त्याआधी पंधराच दिवस, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळणार, असा डांगोरा पिटला. याच संहितांनी सर्व उद्योगांत संपाला १४ दिवसांच्या नोटिशीची अट घातली, आणि परवानगीविना कामगारकपात करण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली. जे मालकाच्या सोयीचे ते लगेच लागू झाले. नेमणूकपत्र मात्र कळंगुटला जायला अजून गाडीची वाट पाहत आहे!

काही सभासद म्हणतील, दारूच्या धंद्याशी रेल्वे-पोस्टवाल्यांचा काय संबंध? मित्रहो, दारू वाईट की चांगली, हा प्रश्न इथे नाही. थिवी स्टेशनावर पत्र्याची पेटी घेऊन उतरणारा तो पोरगा आपल्याच गाडीने आला आहे. आपल्या पँट्री कारमधला ठेकेदाराचा कामगार त्याचाच भाऊ आहे. पोस्टातल्या बाह्य विभागीय कर्मचाऱ्याचे नाव बदलून ग्रामीण डाक सेवक झाले, तरी नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा मिळाला नाही. कागदाशिवाय राबणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

उपाय नाही असे नाही. महाराष्ट्रात माथाडी कामगाराला एक मालक नव्हता, आज इथे तर उद्या तिथे. तरी अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मालकाकडून वर लेव्ही. शॅकचा कामगारही दर ऑक्टोबरला नवा मालक पाहतो. त्याच्यासाठी असे मंडळ का नको?

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१) मद्यविक्रीचा परवाना देताना व नूतनीकरण करताना प्रत्येक कामगाराच्या नेमणूकपत्राची प्रत आणि पीएफ-ईएसआयची पावती सक्तीची करा.

२) परवाना ज्याच्या नावावर आणि गल्ला ज्याच्या हातात, ते दोघेही पगारास व अपघातास जबाबदार धरा.

३) स्वयंपाकघराला बाहेर पडायचे दुसरे दार नसेल, तर बारचे पहिले दार उघडू देऊ नका.

४) हंगामी हॉटेल कामगारांसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ नेमा.

मालक इटलीचा असो, दिल्लीचा असो की कळंगुटचा, त्याचा पासपोर्ट तपासायला सरकारी खाती आहेत. कामगाराचा कागद तपासायला फक्त युनियन आहे. ते काम आपले आहे, आणि ते आपण केलेच पाहिजे.