बिंदूचे मोल

आचार्य हेमचंद्रांच्या ‘परिशिष्टपर्वा’तील कुणालाची कथा जैन घरांत परिचित आहे. राजकुमाराने आता अध्ययन करावे, या अर्थाचा ‘अधीयउ’ हा प्राकृत शब्द सम्राट अशोकाने पत्रात लिहिला. सावत्र मातेने ‘अ’वर एक बिंदू दिला; ‘अंधीयउ’ झाले आणि आज्ञाधारक कुणालाने डोळे गमावले.

हिब्रू लिपीत तर स्वरांचा सारा भार अशा बिंदू-रेघांवर असतो. तिची २२ अक्षरे मुळात व्यंजनेच. इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांत तिबेरिया येथील पंडितांनी स्वरखुणांची पद्धती सिद्ध केली. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे ‘अ’, एक बिंदू म्हणजे ‘इ’, शेजारी-शेजारी दोन बिंदू म्हणजे ‘ए’. माथ्यावरचा बिंदू म्हणजे ‘ओ’. काही अक्षरांच्या पोटातील बिंदूने ‘व’चा ‘ब’ आणि ‘फ’चा ‘प’ होतो. म्हणून तीच तीन अक्षरे खुणांनुसार ‘सेफेर’ म्हणजे पुस्तक, ‘साफार’ म्हणजे त्याने मोजले, किंवा ‘सपार’ म्हणजे न्हावी अशी वाचली जातात.

जाणकार संदर्भावरून वाचतो. इस्राएलमधील वृत्तपत्रे बहुधा खुणांविना छापतात. बालपुस्तके, कविता व प्रार्थनाग्रंथ यांत मात्र त्या असतात. बुवापाड्याजवळच्या उल्हासनगरात फाळणीनंतर वसलेल्या सिंधी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. अरबी वळणाच्या सिंधी लिपीतही ऱ्हस्व स्वरांच्या खुणा एरवी गाळल्या जातात.

परंतु ज्याच्या कानांवर ती भाषा नाही, त्याने काय करावे? कोकणातील बेने इस्राएलांची मातृभाषा मराठी. हिब्रू त्यांच्या व्यवहारातून लोपली होती. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी मुखी राहिली. १८३२ मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे १८७९ मध्ये ठाण्यात ‘शाआर हाशामाईम’ हे सिनेगॉग उभे राहिले. मराठी बोलणाऱ्या अशा उपासकाला प्रार्थनाग्रंथातील स्वरखुणा म्हणजे कानामात्राच होत. त्या नसत्या, तर अक्षरे ओळखूनही शब्द उच्चारता आला नसता.

आपल्या घरांतही नातवंडांना सूत्रे, स्तोत्रे लिहून देताना हे ध्यानी असावे. आजी-आजोबांना ती मुखोद्गत असतात. अनुस्वार राहिला तरी त्यांचे अडत नाही. नातवंड मात्र कागदावर असेल तेवढेच म्हणणार, आणि पुढे तेच शिकविणार.