वाळवणात फुलांनाही जागा द्या

होळी झाली की आमच्या मुठा गावात घरोघर वाळवणं सुरू होतात. बाजेवर कुरडया, जुन्या लुगड्यावर तांदळाचे पापड, परातीत सांडगी मिरच्या आणि कावळे हाकलायला काठी घेऊन बसलेलं एखादं पोर. माझ्या घरी या सगळ्याच्या जोडीला पडवीत चार सुपं फुलांचीही असतात. एकात पळस, दुसऱ्यात गोकर्ण, तिसऱ्यात गावठी गुलाबाच्या पाकळ्या, चौथ्यात जास्वंद. पापड उन्हात, फुलं सावलीत. उन्हाळाभर आमच्या लिंबू-सरबतात हीच फुलं जातात. आमच्या खोऱ्यातल्या घरोघरी हे व्हावं असं मला मनापासून वाटतं.

पिरंगुटहून उरवड्यावरून येणारा रस्ता आमच्या गावावरून पुढे टेमघरकडे, लवासाकडे जातो. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. रस्त्याकडेच्या कितीतरी घरांवर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशा पाट्या आहेत. जेवण खरंच घरगुती असतं. चुलीवरची भाकरी, आंबेमोहोराचा भात, ठेचा. पण पाहुण्याने प्यायला काही मागितलं, की आपण फ्रीजमधली कारखान्याची बाटली काढतो, नाहीतर पुडीतली भुकटी पाण्यात ढवळतो. एवढं रांधणाऱ्या बाईला सरबत जड आहे का? जड नाही. फुलांकडे कुणी वाळवण म्हणून पाहिलेलंच नाही, एवढंच. देवाला वाहायचं, वेणीत माळायचं, संपलं.

मला हे शिकवलं माझ्या धाकट्या जावेने. ती यवतमाळकडची. विदर्भात पळसाच्या फुलांचं सरबत करतात. आमच्याकडे पळस म्हणजे पत्रावळी आणि होळीचा रंग. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिने पळसाखाली जुनं लुगडं अंथरलं आणि सकाळी पडलेली फुलं गोळा केली. आत्याबाई आधी रागावल्या, म्हणाल्या, “रंगाची फुलं पोटात घालतेस?” संध्याकाळी मात्र त्यांनी दुसरा पेला मागून घेतला.

झाडावरचं फूल आम्ही तोडत नाही. पळस फुलतो तेव्हा शिंजीर, मैना, साळुंक्या त्यावर येतात. गळलेलं फूल पुरतं. मुख्य काम असतं ते देठाशी. पळसाच्या फुलाला खाली काळपट, मखमली वाटी असते, ती काढून टाकायची, नाहीतर सरबताला तुरटपणा येतो. नुसत्या केशरी पाकळ्या सुपात पातळ पसरायच्या आणि दिवसातून दोनदा हात फिरवायचा. तीन-चार दिवसांत पाकळी कागदासारखी कुरकुरीत झाली की काचेच्या बरणीत भरायची. हाताला जराही मऊ लागली तर भरायची नाही, बुरशी येते. रात्री तांब्याभर पाण्यात मूठभर फुलं टाकली की सकाळी पाणी पिवळंधमक होतं. गाळायचं, साखरेचा पाक घालायचा, चिमूटभर सैंधव आणि शेवटी लिंबू.

लिंबू नेहमी शेवटी आणि नेहमी गार पाण्यात. उकळत्या पाण्यात पिळलं, किंवा बिया चेचल्या जातील इतकं दाबलं, की कडवट होतं.

गोकर्णाची गोष्ट वेगळी. त्याला वास नाही की चव नाही, आहे तो रंग. आठ-दहा वाळली फुलं पेलाभर कढत पाण्यात टाकून झाकण ठेवा. दहा मिनिटांत शाईसारखं निळं पाणी. माझ्या नातीला हे काम फार आवडतं. पाणी गार झालं की ती स्वतः वर लिंबू पिळते. थेंब पडतो तिथे आधी जांभळी रेघ खाली उतरते, मग पेलाभर जांभळं होतं आणि आणखी पिळलं की गुलाबी. फुलातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याला आंबट लागलं की ते रंग बदलतं. एकदा वेगळ्या वाटीत तिने चुन्याची निवळी घातली, तर पाणी हिरवं झालं. लिटमसचा कागद शाळेत पाहायच्या आधी तिने हे घरी पाहिलं. पहिल्या वर्षी मी गोकर्ण कडक उन्हात टाकलं होतं, त्याचा सगळा रंग उडाला. म्हणून सावलीचा आग्रह.

वासासाठी गुलाब. तो मात्र कुंपणावरचा, गावठी, ज्याचा गुलकंद होतो तो. मावळातल्या पॉलिहाऊसचा गुलाब देखणा असतो, पण तो फुलदाणीसाठी पिकवलेला. त्याला सुगंध बेताचा आणि त्यावर औषधं फवारलेली असतात. यात शेतकऱ्याचा दोष नाही, ते फूल खाण्यासाठी पिकवलेलंच नाही. हारवाल्याकडची फुलंही नकोत. मी एकदा शहरातल्या एका दुकानातून वाळल्या पाकळ्यांचं पाकीट आणलं होतं. पाकीट उघडलं तर अत्तराचा भपकारा आणि पाण्यात टाकल्याबरोबर रंग सुटला. आपली पाकळी रंग सोडायला वेळ घेते, आणि सुटतो तोही फिकट गुलाबी.

आणखी एक कळकळीने सांगते. ओळखीचं नसेल ते फूल पेल्यात घालू नका. त्याच कुंपणाला कण्हेर असते, बिट्टी असते, कडेला धोतरा असतो, आणि ही तिन्ही विषारी आहेत. आणि सरबताला औषध करू नका. गोकर्णाने हे बरं होतं, जास्वंदीने ते जातं, असं सांगत पुड्या विकणारे वाढलेत. ज्याला रोजच्या गोळ्या चालू आहेत किंवा जी बाई गरोदर आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्यावं. मधुमेह असलेल्याला मी पाक घालून देत नाही.

खर्चाचं विचाराल तर फुलं फुकट, महाग पडतं ते लिंबू. 2022च्या एप्रिलमध्ये एका लिंबाला दहा-पंधरा रुपये पडत होते, ते अजून विसरले नाही. लिंबाचे बहार तीन, मृग, हस्त आणि आंबे. उन्हाळ्यात फळ येतं ते हस्त बहाराचं, आणि परतीचा पाऊस लांबला की तोच बहार धरत नाही. पावसाळ्यात, तहान नसते तेव्हा, आंबे बहाराची लिंबं स्वस्त होतात. मृगाची येतात थंडीत. मी थंडीतच दोन किलो पिळून साखरेत रस मुरवून ठेवते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या साई सरबती जातीची दोन झाडं परसात लावली, तेव्हापासून तेवढंही आणावं लागत नाही.

जेवण देणाऱ्या आमच्या बायकांना माझं सांगणं एवढंच, की पाटीवर आणखी एक ओळ लिहा, ‘पळसाचं सरबत’. बाटलीच्या पैशांतला बराचसा वाटा गावाबाहेर जातो, या पेल्याचा घरात राहील. आणि पुण्याच्या वाचकांनो, पळस तुमच्या गच्चीत मावणार नाही, गोकर्ण मावेल. एका कुंडीत, एका सुतळीवर चढेल.

परवा कोथरूडहून आलेल्या एका ताईंनी जाताना त्याचंच बी मागितलं. कुंपणावरच्या वाळल्या शेंगा फोडून दहा बिया कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. साल टणक असते, रात्रभर भिजत घाला आणि मगच लावा, हे दोनदा बजावलं.