फडातलं क्रिएटिनिन

दर शनिवारी : तब्येत आणि पोटपाणी

गाळप हंगाम चालू असला की साखर आयुक्तालयाचा तक्ता रोज निघतो. कारखाने किती चालू, गाळप किती लाख टन, साखर किती लाख क्विंटल आणि उतारा किती. उतारा तर दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत. तो जरा घसरला की सोलापूर विभागात कुजबुज सुरू होते, कोल्हापूरशी तुलना निघते, वार्षिक सभेत आवाज चढतात. राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत, तेव्हा ते साहजिक आहे. पण तो ऊस तोडणाऱ्या माणसाच्या रक्तातही दशांशात मोजायचा एक आकडा असतो. त्याला क्रिएटिनिन म्हणतात. दिवाळीला फडात उतरताना तो ०.९ होता आणि पाच महिन्यांनी गावी परतताना १.३ झाला, तर मधल्या काळात त्या माणसाच्या किडनीवर काही तरी बेतलं असं समजायचं. हा आकडा कोणी घेत नाही. ना कारखाना, ना मुकादम, ना सरकार.

ही शंका हवेतली नाही. २००२ साली एल साल्वादोरच्या राजधानीतल्या रोसालेस रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एक छोटासा अहवाल छापला. किडनी पूर्ण निकामी होऊन डायलिसिसच्या दारात आलेले २०५ नवे रुग्ण त्यांनी तपासले होते. किडनी कशाने जाते याची पाठ्यपुस्तकातली उत्तरं ठरलेली आहेत : मधुमेह, रक्तदाब, मुतखडा, किडनीच्या गाळणीची जुनी सूज. २०५ पैकी १३५ जणांत यातलं काहीच सापडलं नाही. बहुतेक पुरुष, बहुतेक किनाऱ्याच्या सखल पट्ट्यात शेतावर राबणारे. मग निकाराग्वा, ग्वाटेमाला, कोस्टा रिका इथूनही तशाच बातम्या येऊ लागल्या, आणि रुग्ण सापडत होते ते मुख्यतः उसाच्या पट्ट्यात. निकाराग्वातल्या चिचिगाल्पा या साखरेच्या गावाजवळची एक वस्ती तर 'विधवांचं बेट' म्हणूनच ओळखली जाऊ लागली. २०१३ मध्ये अमेरिका खंडाच्या आरोग्य संघटनेनं या आजाराची औपचारिक दखल घेतली. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं किडनीच्या आरोग्यावरचा आपला पहिला ठराव मंजूर केला, तोही ग्वाटेमालाच्या पुढाकारानं.

आजार कसा होतो याबद्दल संशोधकांचं पूर्ण एकमत नाही. कीटकनाशकं, पाण्यातले जड धातू, पाचट जाळल्यावर उडणारी सिलिकायुक्त राख, सगळ्यांवर संशय आहे. पण सर्वांत भक्कम पुरावा उन्हातल्या अतिश्रमाच्या बाजूनं उभा राहिला आहे. घामानं शरीरातलं पाणी आटतं, राबून स्नायूंचा चुरा होतो, तो चुरा कमी झालेल्या लघवीतून बाहेर काढताना किडनीच्या सूक्ष्म नलिका सोलवटून निघतात. एक दिवस झालं तर भरून येतं. रोज, महिनोन्‌महिने झालं तर तिथे व्रण राहतो. कोलोरॅडोच्या रिचर्ड जॉन्सन यांच्या गटानं २०१४ मध्ये उंदरांना पुन्हा पुन्हा उष्णतेनं निर्जलित करून हे दाखवलं. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की तहान साध्या पाण्याऐवजी गोड शीतपेयानं भागवली तर इजा वाढते. उसाची साखर बाटलीत बसून ऊस तोडणाऱ्याच्याच किडनीवर परत यावी, यात कुणाला काव्यगत न्याय दिसत असेल तर मला दिसत नाही.

या आजाराची खरी अडचण अशी की तो आपल्या आरोग्य शिबिरांना सापडत नाही. शिबिरात काय होतं? दंडाला पट्टा बांधून रक्तदाब, बोट टोचून साखर. या माणसांचा रक्तदाब सुरुवातीला चांगला असतो, साखर चांगली असते, लघवीतून प्रथिनंही फारशी जात नाहीत. 'सगळं नॉर्मल' असा शिक्का घेऊन माणूस पुन्हा फडात जातो. क्रिएटिनिन नेहमीच्या मर्यादेच्या वर दिसू लागतं तेव्हा किडनीचं निम्मं काम गेलेलं असतं. म्हणूनच एकच आकडा पुरत नाही, त्याच माणसाचे हंगामाआधीचा आणि हंगामानंतरचा असे दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात.

आपल्याकडे काय स्थिती आहे? नडियादचे डॉ. मोहन राजापूरकर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये देशातल्या किडनी रुग्णांच्या नोंदवहीचा अहवाल प्रसिद्ध केला. ५२,२७३ रुग्ण. मधुमेहामुळे किडनी गेलेले ३१ टक्के, अपेक्षेप्रमाणे पहिल्या क्रमांकावर. पण दुसऱ्या क्रमांकावर होते 'कारण अज्ञात' असलेले १६ टक्के. हे लोक इतरांपेक्षा तरुण होते, गरीब होते आणि डॉक्टरपर्यंत पोचले तेव्हा आजार पुढे गेलेला होता. आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम पट्ट्याचं नाव यात सर्वांत आधी घेतलं जातं. तिथे नारळ आणि काजू, ऊस नाही. अनेक वर्षं ओरड झाल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या पलासा गावी किडनी संशोधन केंद्र आणि रुग्णालय उभं राहिलं. विदर्भात अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाण पट्ट्यातले लोक खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवत आले आहेत. उसाच्या महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न अजून नीट विचारलाच गेलेला नाही.

एक आक्षेप रास्त आहे. मध्य अमेरिकेतला तोडणीचा हंगाम होरपळवणारा असतो. आपला दिवाळीनंतर सुरू होतो आणि निम्मा हंगाम थंडीत जातो. खरं आहे. पण फेब्रुवारी उजाडला की सोलापूरचं ऊन काय असतं हे इथल्या कुणाला सांगायला नको, आणि २०२१-२२ च्या विक्रमी हंगामात तर राज्यातले काही कारखाने जूनपर्यंत चालू होते. त्या एप्रिल-मेमध्ये फडात कोण होतं? शिवाय थंडीतही आपल्या मजुराचा दिवस तोडणीपाशी संपत नाही. पहाटे फडात, दुपारी मोळ्या बांधणं, आणि गाडी येईल त्या वेळी, मग ती रात्री एक वाजता का येईना, डोक्यावरून मोळ्या चढवणं. आपल्याकडे धोका तिकडच्यापेक्षा कमी असेलही. पण तो मोजल्याशिवाय कमी म्हणायचा अधिकार कुणाला नाही.

बायकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. फडात आडोसा नसतो, म्हणून बाई पाणीच कमी पिते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीमुळे काम बुडतं, काम बुडलं की खाडा, खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात कापले जातात. ही साखळी त्या वेळी सगळ्यांना कळली. त्याच साखळीत लघवी दाबून धरणं, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग आणि अंगदुखीच्या गोळ्याही बसतात, हे मात्र तेव्हा कुणी फारसं बोललं नाही.

त्या गोळ्यांबद्दल थोडं विषयांतर करतो. आपल्या आकाशातली गिधाडं कशानं संपली? गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकनं. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते औषध गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची किडनी निकामी झाली. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये हे सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, हे कबूल. पण पाणी आटलेल्या शरीरात रोज दोन पेनकिलर गेल्या तर किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळला जातो, ही कुठल्याही किडनी डॉक्टरला ठाऊक असलेली गोष्ट आहे. फडाजवळच्या दुकानात ही गोळी चिठ्ठीशिवाय सुटी मिळते.

आता प्रत्यारोपण. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनमध्ये ६९ जनुकीय बदल केलेली डुकराची किडनी एका जिवंत रुग्णाला बसवली, त्याची बातमी जगभर गाजली. रुग्ण सुमारे दोन महिन्यांनी वारला. विज्ञान म्हणून ते थक्क करणारं आहे. आपलंही योगदान लहान नाही : देशातला पहिला प्रयत्न १९६५ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये झाला, आणि १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यासाठी पुढाकार घेणाऱ्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्र होता. सोलापूरच्या रुग्णाचं नाव पुणे विभागाच्या प्रतीक्षायादीत लागतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ च्या निर्णयानं अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली. कागदावर दार उघडं आहे.

पण त्या दारातून ऊसतोड कामगार आत जातो कसा, ते पाहा. उचल मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायको मिळून एका जोडीला. नवऱ्याची किडनी गेली तर आठवड्याला दोन-तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस. म्हणजे स्थलांतर संपलं, म्हणजे उचल फिटायची संपली. मेंदूमृत दात्याची किडनी मिळेपर्यंत किती वर्षं जातील सांगता येत नाही. मग घरातला दाता शोधायचा, आणि घरातला दाता म्हणजे बहुतेक वेळा बायको. देशात जिवंत अवयवदाते पाहिले तर त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. उलट १९९५ ते २०२१ या काळात अवयव मिळालेल्या ३६,६४० जणांत बायका होत्या ६,९४५. राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्थेनं ऑगस्ट २०२५ मध्ये प्रतीक्षायादीतल्या महिलांना प्राधान्य देण्याची सूचना काढली, उशिरा का होईना. बायकोनं किडनी दिली की कोयत्यातली दोन्ही माणसं एकेका किडनीवर येतात. त्याला जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. आणि तिला डॉक्टर सांगणार, भरपूर पाणी प्या, पेनकिलर घेऊ नका, उन्हात फार राबू नका. हे सांगायला डॉक्टरचं काय जातं!

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की सोलापुरात किडनीचं संशोधन शस्त्रक्रियागृहातून नव्हे, फडातून सुरू व्हावं. त्यासाठी नोबेल लागत नाही. निकाराग्वातल्या एका मोठ्या कारखान्यानं संशोधकांच्या सल्ल्यानं तोडणीवाल्यांना ठरलेल्या वेळी सावलीत विश्रांती, हाताशी पाणी आणि क्षारपाणी, स्वच्छतागृहं द्यायला सुरुवात केली. विश्रांती वाढवल्यावर जळका ऊस तोडणाऱ्यांत एका हंगामात किडनीला नवी इजा होणाऱ्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. सावली, पाणी, विश्रांती. आजाराचं नक्की कारण ठरायची वाट न बघता.

पैशांचं म्हणाल तर तेही आहेत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आहेत. बऱ्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो, म्हणजे वर्षाला शंभर कोटी. कामगार दहा लाख धरा, फिरत्या पथकासह एका तपासणीचे शंभर रुपये धरा, दोन तपासण्या : वीस कोटी. आपल्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दर वर्षी प्रबंधासाठी विषय हवेच असतात. जिल्ह्यातले चार-पाच कारखाने निवडा, दिवाळीला रक्त घ्या, मार्चअखेर पुन्हा घ्या, तोडणीवाले, गाडीवान आणि कारखान्याच्या सावलीत काम करणारे असे तीन गट करून पाहा. वाटलं तर पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांचा चौथा गट करा. मागावरही उकाडा कमी नसतो. एका कारखान्याच्या चिमणीमुळे विमान उतरू शकतं की नाही यावर या शहरानं वर्षानुवर्षं मोर्चे काढले, न्यायालयं गाठली, शेवटी जून २०२३ मध्ये ती पाडली. तेवढी चिकाटी आहे इथे.

मात्र एक धोका आधीच ओळखला पाहिजे. निकाराग्वात कारखान्यांनी कामावर घेण्याआधी क्रिएटिनिन तपासायला सुरुवात केली, आणि ज्याचं जास्त निघालं त्याला परत पाठवलं. परत पाठवलेली माणसं ठेकेदारामार्फत, दुसऱ्याच्या कागदपत्रांवर, त्याच उसात शिरली. पोट थांबत नव्हतं. आपल्याकडे तर उचल पावसाळ्यातच घेतलेली आणि खर्चलेली असते. दिवाळीला रक्ताचा अहवाल मुकादमाच्या हाती पडला तर तो पहिलं काम करील ते उचल परत मागण्याचं. म्हणून अहवाल जाईल तो त्या माणसाकडे आणि त्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, कारखान्याकडे आणि मुकादमाकडे नाही. आणि ज्याचं क्रिएटिनिन वाढलेलं निघेल त्याला डॉक्टरांनी तोडणी थांबवायला सांगितली, तर त्याची त्या हंगामाची उचल महामंडळ फेडील. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली तेव्हा चर्चेच्या टेबलावर फक्त दर होता. पुढच्या वेळी दराच्या खाली हे दोन मुद्देही लिहिलेले हवेत. ते नसतील तर तपासणीची गाडी बांधावर उभी राहील आणि उसातून कुणी बाहेर येणार नाही.