टाकी उतरवण्याआधी

पेट्रोलचा काटा चुकतो म्हणून पद्मिनी किंवा अँबेसिडर गॅरेजात आली, की वाशीम-कारंज्याकडे काय किंवा पुण्या-मुंबईकडे काय, पहिला हात टाकीतल्या फ्लोट युनिटला जातो. युनिट बदलूनही काटा सुधारला नाही तर डॅशबोर्डमधलं मीटर बदललं जातं, आणि तेही करून झाल्यावर ‘जुन्या गाडीचा काटा असाच असायचा’ म्हणून गिऱ्हाइकाची बोळवण होते. हा क्रमच उलटा आहे. काटा कोणत्या पातळीला किती चुकतो हे आधी पाहिलं, तर दोष कुठे आहे ते टाकी उतरवण्याआधीच बहुतेक वेळा कळतं.

रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरल्या टाकीला ३० ओहम देणारं युनिट धरा. काही पावसाळे काळ्या मातीचा चिखल खाऊन त्याच्या अर्थिंगला गंज चढला आणि ३० ओहमची भर पडली, तर रिकाम्या टाकीचे २४० चे २७० होतात. काट्याला ते जाणवतही नाही. भरल्या टाकीचे मात्र ३० चे ६० होतात, म्हणजे दुप्पट, आणि टाकी गळ्यापर्यंत भरूनही काटा फुलला पोचत नाही. म्हणून टाकी भरलेली असताना मोठी दिसणारी आणि रिकामी होत आल्यावर विरणारी चूक असेल, तर संशय अर्थिंगवर घ्यावा. फ्लोटचा दांडा वाकला असेल तर काटा सगळ्याच पातळ्यांना एका बाजूला सरकलेला राहतो. ठरावीक जागी तो उडी मारत असेल तर युनिटमधली तार तिथे झिजलेली असते. स्टॅबिलायझर असलेल्या गाडीत पेट्रोल आणि टेंपरेचरचे काटे एकदमच चढे दाखवू लागले, तर टाकीकडे जायचं कारणच नाही. (इंडिकेटरच्या तालावर पेट्रोलचा काटा नाचत असेल, तर ती अर्थिंगची उघड कबुली समजावी.) खात्रीसाठी चावी बंद ठेवून युनिटच्या बॉडीपासून चेसिसच्या घासून लख्ख केलेल्या जागेपर्यंत वेगळी वायर जोडावी आणि मगच चावी फिरवावी. काटा जागेवर आला तर काम तिथेच संपलं. टाकीजवळ टेस्ट लॅम्प नको.

यावर वायरमन मंडळी म्हणतील, एवढा वेळ कुणाला आहे? तयार किट स्वस्तात मिळतं. मिळतं, पण ते कोणत्या श्रेणीचं आहे हे किती जण बघतात? युरोपीय पद्धतीच्या १० ते १८० ओहमच्या युनिटमध्ये पेट्रोल वाढलं की ओहम वाढतात. अमेरिकी २४० ते ३३ च्या युनिटमध्ये ते घटतात. चुकीची जोडी जमली तर भरल्या टाकीला काटा रिकामं दाखवणार. शिवाय नवं युनिट गॅस्केटला भरपूर सीलंट फासून बसवलं, की अर्थिंग मिळतं ते फक्त स्क्रूंमधून, आणि जुनाच आजार नव्या मालाला जडतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने फ्लोट खराब होतात, तेव्हा युनिट बदलावंच लागतं, हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शेलॅक चढवलेला कॉर्कचा फ्लोट अल्कोहोलमध्ये खरोखरच टिकत नाही. पण बुडालेल्या फ्लोटची खूणही वेगळी: टाकी भरा की रिकामी ठेवा, काटा तळाशीच. तसं दिसलं तर खुशाल टाकी उघडा.

काठी घालून पेट्रोल मोजायची सवय असलेल्या मालकाला हे सगळं फुकाचं वाटेल. गावातल्या गावात ते खपतं. डिसेंबर २०२२ पासून वाशीम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग धावतो आहे, तिथे मध्येच टाकी कोरडी पडली तर काठीचा उपयोग नाही. आणि कुर्ल्याची पद्मिनी बंद होऊन वीसहून अधिक वर्षं झाली, उत्तरपाड्याची अँबेसिडर २०१४ मध्ये थांबली. चालतं मूळ युनिट आज भंगारात टाकलं तर उद्या कंपनीकडून मिळणार नाही.

टाकी उघडावीच लागली, तर फ्लोट तळाला आणि माथ्याला असतानाचे ओहम मोजून जॉबकार्डावर लिहा. गाडीचं मॉडेल आणि सालासह ते आकडे आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकांतून आम्ही ते छापू.